वाळूतील हवा

इस्लापूरला आमचे आडतीचे दुकान आजोबांच्या काळापासून आहे. सोयाबीनच्या हंगामात दुकानासमोर गाडी उभी राहिली की शेतकऱ्याची खुशाली विचारण्याच्या आधीच एक प्रश्न तोंडून निघून जातो : ‘हवा किती?’ हवा म्हणजे मालातील ओलावा. लातूरच्या मोठ्या बाजारापासून आमच्या या कोपऱ्यापर्यंत सोयाबीनचा भाव 10-2-2 या तीन आकड्यांवर बोलला जातो. हवा 10 टक्के, माती 2, डागी 2. आजोबा पोत्यात कोपरापर्यंत हात घालीत, दाणा दाताखाली धरीत आणि त्याच्या आवाजावरून हवा सांगत. वडिलांच्या हयातीत ओलावा मोजण्याचे यंत्र आले. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांवरचा माल परत जातो; 2024 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ती मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, तेव्हा आमच्या भागात कित्येकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तात्पर्य इतकेच की, तीन पिढ्यांत आम्ही ओलावा न विचारता एक क्विंटल मालदेखील विकत घेतलेला नाही. आणि याच घराण्यातील मी, वयाची छप्पन्न वर्षे उलटल्यावर, वाळू सुकविण्याचे यंत्र घेताना तो प्रश्न विचारण्यास विसरलो. ही हकीकत त्या विसराची आहे.

कारखान्याची कल्पना माझी नव्हती. थोरला चिरंजीव नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकी शिकून आला आणि गल्ल्यावर बसण्याऐवजी बांधकामाचा तयार मसाला करण्याचे म्हणू लागला. भिंतीच्या गिलाव्याचा आणि फरशी चिकटविण्याचा कोरडा मसाला, पोत्यात भरून विकायचा. गवंड्याने फक्त पाणी घालायचे. त्यात सिमेंट असते, थोडी रसायने असतात, पण वजनाने सर्वांत मोठा भाग वाळूचा. ही वाळू जवळजवळ निर्जल असावी लागते. ओलावा साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत हवा, नाहीतर सिमेंट पोत्यातच गोठू लागते आणि गिऱ्हाइकाच्या हाती दगड पडतो.

इस्लापूर किनवट तालुक्यात आहे. सहस्रकुंडाच्या धबधब्यामुळे आमचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते. तेथे पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. नांदेड जिल्ह्यात पाऊस किनवट-माहूरकडेच अधिक पडतो. धबधबा पाहायला येणाऱ्यांना त्याचे कौतुक. वाळू सुकवू पाहणाऱ्याला तो चार महिने शत्रूसारखा भासतो. नदीच्या वाळूचा विचार आम्ही पहिल्या दिवशीच सोडला होता. तिचा उपसा, लिलाव, पावसाळ्यातील बंदी, रात्रीच्या गाड्या, या भानगडीत आपल्या घराने पडू नये, असे माझे मत होते आणि त्यावर बापलेकांचे एकमत झाले. खडीच्या यंत्रावर काळा दगड दळून केलेली, धुतलेली वाळू घ्यायची ठरली. पुढे 2025 च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले, तेव्हा ‘बाबा, आपण दोन वर्षे आधीच शहाणे होतो,’ असे चिरंजीव म्हणाला. तो वाळूपुरता शहाणा होता. यंत्राच्या खरेदीत मी त्याला शहाणे राहू दिले नव्हते.

खरेदी माझ्याकडे होती, कारण घासाघीस मला येते. 2023 च्या उन्हाळ्यात बंद पडलेल्या एका कारखान्यातील जुना ढोल विकाऊ असल्याचे कळले. हा ढोल म्हणजे लोखंडी पत्र्याचा लांब दंडगोल. तो किंचित उतारावर बसविलेला असतो आणि सावकाश फिरतो. एका तोंडाशी भट्टी. आत पत्र्याच्या उभ्या पट्ट्या जोडलेल्या असतात; त्या ओली वाळू उचलून वर नेतात आणि सोडतात, म्हणजे गरम हवेच्या प्रवाहात वाळूचा पडदा सतत पडत राहतो. विकणारा म्हणाला, ‘ताशी तीन टन.’ मी किंमत विचारली, भट्टी विचारली, मोटार विचारली, गंज ठोकून पाहिला. मागच्या टोकाला धूळ धरणारी कापडी पिशव्यांची पेटी होती. तिची वेगळी किंमत सांगितल्यावर मी कागदावरची ती ओळ पेन्सिलीने खोडली. एवढी रक्कम वाचविल्याचे समाधान घेऊन घरी आलो. त्या पेन्सिलीच्या रेघेकडे मला पुन्हा यायचे आहे.

जून संपेपर्यंत सारे ठीक चालले. जुलैत ढोल ताशी दीड टनसुद्धा देईना. तीन टनांच्या गतीने वाळू सोडावी तर पलीकडून दमट वाळू बाहेर पडे. नीट सुकवावी तर मसाल्याचे यंत्र अर्धा दिवस रिकामे बसे. डिझेलचा खर्च मसाल्याच्या नफ्याहून वर गेला. एका व्यापाऱ्याकडून दोन गाड्या पोती गाठी झाल्याच्या तक्रारीने परत आली. आडतीच्या पेढीतून कारखान्याला पैसा जाऊ लागला, तेव्हा धाकट्या बंधूंनी काही न बोलता खातेवही माझ्यासमोर उघडी ठेवली. एकत्र कुटुंबात एवढे पुरते.

विकणाऱ्याने फसविले असे मी पुष्कळांना सांगत सुटलो होतो. एका संध्याकाळी चिरंजीवाने स्वयंपाकघरातून लोखंडी तवा मागून घेतला. आमच्या सौभाग्यवतींची परवानगी मोठ्या कष्टाने मिळाली. त्याने ओट्यापाशी काट्यावर बरोबर 1000 ग्रॅम ओली वाळू तोलली, ती तव्यावर मंद आचेवर हलवीत सुकविली, निवल्यावर पुन्हा तोलली. 892 ग्रॅम भरली. तो माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, ‘बाबा, हवा पावणेअकरा.’

त्या रात्री आम्ही दोघे हिशेबाला बसलो. हिशेब किराण्याच्या उधारीइतका सोपा आहे. एक किलो पाणी 30 अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास 70 किलोकॅलरी उष्णता लागते, परंतु उकळलेल्या त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी 540 लागतात. वाळू स्वतः तापायला फारसे मागत नाही. किलोला, अंशाला, पाण्याच्या पाचव्या हिश्शाइतकेच. म्हणजे सुकविण्याच्या यंत्रात आपण पैसे मोजतो ते वाळूचे नव्हे, पाण्याचे. टनाला 108 किलो पाणी असेल आणि भट्टीची 60 टक्के उष्णता कामी येत असेल, तर एका टनास सुमारे 15 लिटर डिझेल. तीच वाळू 5 टक्के ओली असेल तर साडेआठ लिटर. विकणाऱ्याचे ‘ताशी तीन टन’ हे 5 टक्के ओलाव्याचे बोलणे होते. तीन टनांत 150 किलो पाणी. ढोल आजही तासाला तितकेच पाणी उडवीत होता. आमच्या वाळूत ते दीड टनाच्या आतच भरत होते, म्हणून तो तेथेच थांबत होता. माणूस खोटे बोलला नव्हता. हवा किती, हे मी विचारले नव्हते.

नवे यंत्र घेण्याचा विषय निघाला तेव्हा माझ्या मातोश्री पलीकडे जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आमच्या घरी उन्हाळ्यात वाळवणाचा मोठा कारखाना चालतो. मुगाच्या वड्या, पापड, खारवलेल्या गवाराच्या शेंगा, चातुर्मासाची सारी तयारी. वाळवण कसे करावे याविषयी त्यांचा शब्द अखेरचा असतो. त्यांनी विचारले, ‘तुमची वाळू धुतल्यावर निथळत ठेवता की तशीच चुलीवर चढवता?’

तशीच चढवीत होतो. धुऊन आलेली वाळू उघड्या मैदानात सपाट जमिनीवर पडत असे. खालचे पाणी जागीच राही आणि वरून पाऊस भर घाली. सप्टेंबरात आम्ही नव्या यंत्राची चौकशी थांबवली आणि काँक्रीटची उताराची फरशी केली. एका कडेला नाली काढली, वर पत्र्याचे छप्पर घातले. तीन ढीग ठेवले : आज आलेला, निथळणारा आणि सुकवायला घ्यायचा. ढिगाच्या तळाची हातभर वाळू यंत्रात घालायची नाही, ती पुन्हा वर टाकायची. तीन-चार दिवसांत हवा साडेपाच-सहावर येऊ लागली. जे पाणी उतारावरून आपल्या पायांनी जाते, त्यासाठी आम्ही तीन महिने तेल जाळले होते. फरशीला आणि छपराला मिळून आलेला खर्च पुढच्या पावसाळ्यातच डिझेलच्या बचतीतून निघाला.

येथे उन्हाचीही गोष्ट सांगायला हवी, कारण ओळखीचे लोक हमखास विचारतात की मराठवाड्याच्या उन्हात यंत्र हवेच कशाला. आम्ही करून पाहिले. एप्रिल-मेमध्ये दोन इंचांच्या थराने पसरलेली वाळू दिवसभरात चांगली सुकते. परंतु 10 टन वाळू तशी पसरायला सव्वाशे चौरस मीटर फरशी लागते, दिवसातून चारदा माणसाने ती उलथावी लागते आणि अर्ध्या टक्क्याची खात्री ऊन कधीच देत नाही. उन्हाने अर्धे काम करावे आणि उरलेले यंत्राने, ही वाटणी आम्ही ठेवली आहे.

ढोल मात्र जुना होता आणि त्याच्या आतील पट्ट्या झिजून गेल्या होत्या. काळ्या दगडाची दळलेली वाळू कडा धारदार असल्याने लोखंड खाते. 2024 च्या उन्हाळ्यात खरोखर निवड करण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही कोल्हापूर गाठले. वाळू सुकविण्याचे खरे गुरुकुल तेच. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी या पट्ट्यातील ओतकामाच्या कारखान्यांना साच्यांसाठी वाळू लागते. सिंधुदुर्गातील कासार्ड्याकडची पांढरी सिलिका वाळू तिकडे जाते. साच्याच्या आतील गाभ्यासाठी ती रेझिनमध्ये मळायची असेल तर आधी कोरडी करावी लागते. आमच्या एका आप्तांच्या ओळखीने तेथील एका जुन्या कारखानदाराने दिवसभर वेळ दिला. आम्ही यंत्रांची माहितीपत्रके काढली, तर ते म्हणाले, ‘शेठ, ती ठेवा. तुमची वाळू आणलीय का?’ चिरंजीवाने पिशवीतून बरणी काढली. पावसाळ्यातली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी, दोन्ही झाकण मेणाने बंद केलेल्या. मला मनातून बरे वाटले.

तेथे तीन प्रकार पाहिले. पहिला आपला साधा ढोल. दुसरा एकात एक तीन नळ्यांचा ढोल. वाळू आतल्या नळीतून जाऊन मधल्या नळीतून परत येते आणि बाहेरच्या नळीतून पुन्हा पुढे सरकते. जागा थोडी लागते. शिवाय सर्वांत तापलेली नळी पोटात असल्याने उष्णता बाहेर वाया जात नाही. तिसऱ्या प्रकारात काही फिरतच नाही. बारीक छिद्रांच्या पत्र्याखालून गरम हवा जोराने सोडतात आणि वरची वाळू दुधासारखी उकळू लागते. पहिल्यांदा पाहताना मी हात पुढे केला, तो कारखानदाराने धरला. वाळू द्रवासारखी दिसते, पण चटका वाळूचाच बसतो. या यंत्रात पुढचा कप्पा थंड हवेचा असतो, त्यामुळे वाळू निवून बाहेर पडते. ही सोय लहान नव्हे. तापलेली वाळू सिमेंटमध्ये आणि मसाल्यातील चिकट भुकटीत मिसळली तर भुकटी गोळा होते.

मला तिसरे यंत्र आवडले होते. देखणे होते, आणि सुटे भाग थोडे. चिरंजीवाला तीन नळ्यांचे. अखेरीस घेतले ते साधेच, नवे, चांगल्या आवरणाचे, आणि पुढे निववण्यासाठी जोडलेला दुसरा छोटा ढोल. कारणे अशी. उकळत्या थराच्या यंत्राला दाणे बरेचसे सारख्या आकाराचे लागतात. आमच्या दळलेल्या वाळूत गव्हाएवढ्या खड्यापासून पिठापर्यंत सारे असते, आणि चाळणी लावायची तर ओली वाळू चाळणीतून पडत नाही. आधी सुकवणे, मग चाळणे, हा क्रम आम्हाला बदलता येत नव्हता. त्या यंत्राच्या पंख्यांना वीजही पुष्कळ लागते आणि ती अखंड लागते. इस्लापूरच्या विजेविषयी अधिक लिहीत नाही. तीन नळ्यांच्या ढोलात इंधनाची बचत निश्चित होती, परंतु आतली नळी झिजली की तेथे माणूस पोहोचत नाही. साध्या ढोलात आमच्या बाजारपेठेतील वेल्डिंगवाला आत शिरून पट्ट्या बदलू शकतो. नांदेडहून कारागीर येईपर्यंत चार दिवस बंद राहणाऱ्या यंत्राची बचत कागदावरच राहते. शहराजवळच्या, एकसारखी पांढरी वाळू घेणाऱ्या कोणा बांधवाने मला विचारले, तर मी त्याला वेगळे यंत्र सांगेन.

या वेळी करारात ‘ताशी इतके टन’ असे लिहू दिले नाही. ‘6 टक्के ओलाव्याची वाळू अर्ध्या टक्क्यावर आणताना ताशी इतके टन, आणि तासाला इतके किलो पाणी’ असे लिहून घेतले. दोन यंत्रविक्रेत्यांनी हे वाक्य पाहून पुन्हा फोन केला नाही.

इंधनाचा प्रश्न घरात अधिक दिवस चालला. डिझेल महाग. आमच्या भागात पऱ्हाट्या आणि तुराट्या मुबलक. त्या दळून, दाबून केलेल्या विटांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. किलोला साधारण 4000 किलोकॅलरी उष्णता देतात, म्हणजे एक किलो डिझेलच्या जागी अडीच किलो. धूर वाळूतून जात असल्याने राख मिसळू नये म्हणून भट्टीपुढे राख पाडणारा वेगळा कक्ष लागतो, तो घेतला. मातोश्रींना मी समजावीत होतो की, सुट्या पऱ्हाट्या पावसाळ्यात साठवल्या तर किडे-मुंग्यांनी भरतात आणि तशाच भट्टीत जातात, त्यापेक्षा या दाबलेल्या विटा निर्जंतुक, कोरड्या छपराखाली राहतात. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे ते दुसऱ्याच्या जात्यात दळले जातात, तुझ्या डोळ्यांसमोर नाही, एवढेच.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. पऱ्हाट्या फाल्गुन-चैत्रात, कडक उन्हात सुकलेल्या असतानाच दळणाऱ्याकडून वर्षाच्या विटा घ्यायच्या आणि पावसाळ्यात नवा माल घ्यायचा नाही, एवढा नियम आम्ही केला. त्यांनी तो मान्य केला असे म्हणवत नाही. विषय बंद केला.

आता ती पेन्सिलीची रेघ. नव्या यंत्राच्या दरपत्रकातही धूळ धरणाऱ्या पेटीची ओळ होती आणि एकूण किमतीचा मोठा हिस्सा तिचाच होता. माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. चिरंजीवाने जुने दरपत्रक, माझ्या रेघेसह, समोर ठेवले आणि विचारले, ‘बाबा, गेल्या वर्षी जुना ढोल कोण चालवत होता?’

आमच्याच गावचा मुलगा. तोंडाला गमछा बांधून उभा राहत असे. संध्याकाळी त्याच्या पापण्या पांढुरक्या दिसत. आम्ही हसून त्याला ‘म्हातारा झालास रे’ असे म्हणत असू. हे मी लिहितो आहे, कारण म्हणणारा मीच होतो.

गोध्ऱ्याची हकीकत चिरंजीवाने त्या दिवशी सांगितली. गुजरातेत गोध्ऱ्याजवळ स्फटिकाचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ भागांतील आदिवासी मजुरीस जात. त्या भुकटीने फुप्फुसे कठीण होत गेली आणि तरुण माणसे गावी परतून मेली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. या रोगाचे नाव सिलिकोसिस. धूळ बंद केली तरी आधी झालेली हानी भरून येत नाही. कारखाने कायदा, 1948 मध्ये तो कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. आमच्या काळ्या दगडात मोकळे स्फटिक फार थोडे असते, हे खरे, आणि विक्रेत्याने ते मला आवर्जून सांगितलेही. परंतु फरशीच्या मसाल्यासाठी आम्ही पांढरी सिलिका वाळूही आणतो, आणि ती त्याच ढोलातून जाते. सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. पापण्यांवर बसतात ते जाड, निरुपद्रवी त्यामानाने.

पेटी घेतली. तिचीही एक वेल्हाळ सवय आहे, ती येथे नोंदवतो, कारण विक्रेते सांगत नाहीत. ढोलातून निघणारी हवा वाफेने भरलेली असते. ती पिशव्यांपाशी पोहोचेपर्यंत निवली तर कापडावर दव धरते आणि धुळीचा चिखल होऊन पिशव्या बुजतात. म्हणून सकाळी वाळू सोडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे नुसती गरम हवा फिरवून पेटी तापवावी लागते. पहिल्या महिन्यात घाईने आम्ही हे टाळले आणि पिशव्यांचा एक संच गमावला. त्या वेळी मात्र मी कोणाला फसविल्याचा दोष दिला नाही.

त्या मुलाला आम्ही नांदेडला नेऊन छातीची तपासणी केली. अहवाल निर्दोष आला. एका पावसाळ्याचा प्रश्न होता, म्हणून. तो अजून आमच्याकडेच आहे, आता ढोलापासून दूर, वजनकाट्यावर. रोज सकाळी प्रत्येक ढिगाची किलोभर वाळू तव्यावर सुकवून हवा लिहून ठेवणे हे त्याचे काम. सौभाग्यवतींनी आपला तवा कधीच परत घेतला नाही, नवा आणला.

गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी यंत्राची क्षमता वाढविण्याचा प्रस्ताव घेऊन आला होता. गादीवर बसला, चहा घेतला, माहितीपत्रक पसरले आणि ताशी टनांचे आकडे सांगू लागला. मी काही विचारण्याच्या आधीच वजनकाट्यावरचा मुलगा वही घेऊन आत आला आणि उभ्याउभ्याच त्याने विचारले, ‘साहेब, हे टन किती हवेवरचे?’